‘लहरकी बरखा’ : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा एक दुर्लक्षित हिंदी गीतसंग्रह

प्रास्ताविक

इ. स. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला इ. स. २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. तेव्हापासून भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या गुणपत्रिकांवर आणि पदवीपत्रांवर हे नाव छापले जाते. नाव छापले जाणे आणि त्या नावामागील वाङ्मय वाचले जाणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. महाराजांचा विषय निघाला की विद्यार्थी, आणि बहुतांश अध्यापकही, एकाच ग्रंथाकडे बोट दाखवितात. तो ग्रंथ म्हणजे ‘ग्रामगीता’. त्याखालोखाल झोपडीतील सुखाचे वर्णन करणारे त्यांचे मराठी भजन आठवते. ‘लहरकी बरखा’ हा त्यांच्या हिंदी भजनांचा संग्रह मात्र अध्यापकांच्या चर्चेत क्वचितच येतो. मराठी विभागाच्या दृष्टीने तो हिंदी विभागाचा विषय असतो, आणि हिंदी विभागाच्या दृष्टीने तुकडोजी महाराज हे मराठी संत असतात. दोन विभागांच्या मधल्या पडवीत हे पुस्तक पडून राहिले आहे.

प्रस्तुत लेखात या संग्रहाचे स्वरूप, त्यामागील भाषिक परिस्थिती आणि त्याच्याकडे झालेल्या दुर्लक्षाची कारणे यांचा विचार करावयाचा आहे. परंतु या विवेचनामागे एक तातडीचा प्रश्नही आहे. गाण्याच्या पुस्तकात गाण्याचे शब्द तेवढे असतात, चाल नसते. ‘लहरकी बरखा’तील शब्द छापलेले असल्यामुळे ते नाहीसे होण्याची भीती नाही. चाली मात्र गावोगावच्या भजनी मंडळींच्या गळ्यात आहेत, आणि गळ्यांना वय असते.

भजनसंग्रह आणि ‘अल्बम’

आज ‘अल्बम’ हा शब्द ध्वनिमुद्रित गीतांच्या संचासाठी सर्रास वापरला जातो. तो संगीतात आला तो पुस्तकाच्या मार्गाने. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. एकाच कलावंताच्या किंवा एकाच विषयाच्या अशा अनेक तबकड्या पुठ्ठ्याच्या बांधणीत, पानांसारख्या पाकिटांत घालून विकल्या जात. छायाचित्रांच्या वहीसारखी ही वही म्हणून तिला अल्बम म्हणू लागले. पुढे एकाच मोठ्या तबकडीवर अनेक गाणी मावू लागली, वही गेली, शब्द राहिला.

हा तपशील येथे नोंदविण्याचे कारण असे की, आपल्याकडील ‘भजनावली’ ही नेमकी याच जातीची वस्तू आहे. एका रचनाकाराची गीते एका नावाखाली एकत्र येतात, ती भागाभागांनी प्रसिद्ध होतात, आणि घेणारा ती वाचण्यासाठी नव्हे तर गाण्यासाठी घेतो. ‘लहरकी बरखा’ असाच भागशः प्रसिद्ध झालेला संग्रह आहे. स्वतः गीत रचणारा, त्याची चाल ठरविणारा आणि स्वतःच ते लोकांपुढे गाणारा कलावंत, अशा माणसासाठी पाश्चात्य संगीतव्यवहारात स्वतंत्र संज्ञा रूढ आहे. आपल्याकडे तशी संज्ञा घडली नाही, याचे कारण अशा माणसांचा अभाव हे नव्हे. शाहीर, गोंधळी, भजनी बुवा हे सारे बहुधा असेच असत. जे सर्वत्र आहे त्याला वेगळे नाव कोण देणार?

गाणारा रचनाकार

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. मूळ नाव माणिक. शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू, आणि ‘तुकड्या’ हे नाव त्यांच्याकडूनच आले असे सांगितले जाते. पुढे सालबर्डी, रामटेक, रामदिघी, गोंदोडा या परिसरातील रानावनांतले वास्तव्य, आणि त्यानंतर मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची उभारणी, हा चरित्रक्रम वाचकांस परिचित आहे. त्यात एक गोष्ट मात्र पुरेशी लक्षात घेतली जात नाही. ग्रामसुधारक, संघटक, ग्रंथकार या त्यांच्या साऱ्या भूमिका नंतरच्या आहेत. लोकांनी त्यांना प्रथम ओळखले ते गाणारा माणूस म्हणून. ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली ती १९५५ साली, म्हणजे त्यांच्या वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. तोपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ ते गावोगाव भजने गात होते.

त्यांच्या हाती असे ती खंजिरी. लाकडी कड्यावर चामडे ताणून बसविलेले आणि कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या अडकविलेले हे वाद्य आकाराने लहान, वजनाने हलके आणि किमतीने गरिबाला परवडणारे आहे. वीणा आणि मृदंग यांना साथीदार लागतो. खंजिरी गाणारा स्वतःच वाजवू शकतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट घडते, ती म्हणजे लय गाणाऱ्याच्या स्वाधीन राहते. अर्थ समजावयाचा असेल तेथे ती थांबविता येते, समूहाला ओढून न्यायचे असेल तेथे ती वाढविता येते, आणि कडवे संपून टेक परत येण्याच्या क्षणी चकत्यांचा एक झणत्कार पुरतो. शब्द, चाल आणि लय ही तिन्ही सूत्रे एकाच माणसाच्या हाती असणे हे महाराजांच्या भजनाचे मर्म आहे. विदर्भात आजही खंजिरी भजनांच्या स्पर्धा भरतात. सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्यांवर प्रबोधनाची जी पद्धत रूढ केली, तीही याच परंपरेचा पुढचा विस्तार होय.

गाडगे महाराजांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. गाडगेबाबांच्या कीर्तनाचे बळ प्रश्नोत्तरांत, म्हणजे बोलण्यात होते. ते संतांचे अभंग आधाराला घेत. तुकडोजी महाराज मात्र आपले म्हणणे आपल्याच गीतात मांडत. म्हणून त्यांच्या बाबतीत गीतसंग्रह हा दुय्यम दस्तऐवज ठरत नाही. ते त्यांचे मूळ वाङ्मय आहे.

नावाविषयी थोडेसे

‘लहरकी बरखा’ या नावावर क्षणभर थांबणे आवश्यक आहे. ‘लहर’ हा शब्द हिंदीत मुख्यतः लाट या अर्थाने येतो. मराठीत त्याला आणखी छटा आहेत. मनाची एकाएकी उठणारी ऊर्मी, तंद्री, तब्येत लागणे हे सारे ‘लहर’ या एका शब्दात येते. ‘त्याला लहर आली’ असे वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत सारख्याच सहजतेने म्हटले जाते. ‘बरखा’ हे ‘वर्षा’चे लोकबोलीतील रूप. शब्द हिंदी, पण नावाचा भाव मराठी कानाला अधिक जवळचा, असा हा जोड आहे. ठरवून बांधलेले काव्य नव्हे, तर ऊर्मीसरशी कोसळलेल्या सरी, असा अर्थ त्यातून निघतो. धानाच्या पट्ट्यातील वाचकाला सर या शब्दाची किंमत वेगळी सांगावयास नको.

‘लहरकी’ असे विभक्तिचिन्ह जोडून लिहिणे हा मराठीचा प्रभाव होय, असे अनुमान कोणी करील. ते घाईचे ठरेल. गोरखपूरच्या गीता प्रेसच्या हिंदी प्रकाशनांतही नामाला विभक्तिचिन्ह जोडून छापण्याची पद्धत आहे. म्हणजे लेखनपद्धतीवरून भाषेचा प्रांत ठरविता येत नाही. तो ठरवावा लागतो तो शब्दांच्या छटांवरून आणि वाक्याच्या वळणावरून, आणि तेथे या भजनांतील हिंदी विदर्भाची आहे हे लपत नाही.

हिंदी कशासाठी?

मराठी मुलखातील संताने हिंदीत रचना करावी यात नवल नाही. नामदेवांची एकसष्ट पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. एकनाथांच्या भारुडांत हिंदुस्थानी बोलणारी पात्रे येतात. तुकारामांच्या गाथेत हिंदी रचना आहेत. विदर्भातच गुलाबराव महाराजांनी हिंदीत पदरचना केली. विनयमोहन शर्मा यांचा ‘हिंदी को मराठी संतों की देन’ हा ग्रंथ या विषयावरील पायाभूत अभ्यास मानला जातो, आणि शर्मा हे नागपूरच्याच विद्यापीठीय वर्तुळातील होते हे विशेष. तेव्हा तुकडोजी महाराजांच्या हिंदी भजनांना एक जुनी वाट होतीच.

परंतु केवळ परंपरेने याचे पूर्ण उत्तर मिळत नाही. महाराजांचे बहुतेक आयुष्य ज्या प्रदेशात गेले त्याचा राजकीय नकाशा आठवावा लागेल. १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्या प्रांतात जबलपूर, रायपूर, सागर हे हिंदी जिल्हे आणि नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा व वऱ्हाडचे जिल्हे एका शासनाखाली होते. शेजारचा बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये निर्माण झाला तोच भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून. वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी, हलबी, कोष्टी, लोधी आणि छत्तीसगढी यांचा शेजार पिढ्यान्पिढ्यांचा आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा जो अभ्यास केला, त्यामुळे या भागाच्या भाषिक समृद्धीकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. अशा मुलखातील श्रोत्याला हिंदी भजन परके वाटण्याचे कारण नव्हते. आज राज्याची सीमा जेथे आहे तेथे त्या काळी श्रोत्यांची सीमा नव्हती.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. महाराजांच्या काळी विदर्भाच्या खेड्यात दोन प्रकारची हिंदी पोचत होती. एक जुनी, म्हणजे कबीर, मीरा, सूरदास यांच्या पदांतून, फकीर-बैराग्यांच्या तोंडून आलेली. ती संसाराच्या नश्वरतेविषयी, गुरूविषयी, घटातील देवाविषयी बोलत असे. दुसरी नवी, म्हणजे प्रभातफेऱ्या, सभा आणि राष्ट्रभाषा-प्रचार यांतून आलेली. १९३६ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढील काळातील सेवाग्रामी, राहावयास आले. त्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली. आणि त्याच वर्षी तुकडोजी महाराज गांधीजींच्या निमंत्रणावरून तेथे सुमारे महिनाभर राहिले. मौनाच्या दिवशी भजन ऐकून गांधीजींनी मौन सोडले आणि आणखी गाण्यास सांगितले, अशी आठवण महाराजांच्या चरित्रांतून सांगितली जाते.

माझ्या मते ‘लहरकी बरखा’चे खरे वैशिष्ट्य या दोन हिंदींच्या संगमात आहे. जुन्या निर्गुणी भजनाचा साचा तोच राहतो. टेक येते, मोजकी कडवी येतात, शेवटी ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा येते. ‘मन’, ‘गुरू’, ‘मुसाफिर’, ‘जागना’ ही शब्दकळाही जुनीच. परंतु ‘जागना’ या शब्दाला आता दोन अर्थ फुटतात. मायेच्या झोपेतून जागे होणे हा एक, आणि पारतंत्र्याच्या झोपेतून जागे होणे हा दुसरा. भजन म्हणून त्यावर बंदी घालणे अवघड, आणि हाक म्हणून ते ऐकणाऱ्याला पुरेसे स्पष्ट. सरकारी अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची यात किती पंचाईत झाली असेल याची कल्पना करता येते.

ही द्व्यर्थता नेहमीच सांभाळली गेली असे नाही. १९४२ मध्ये ती सुटली. त्या काळातील त्यांच्या एका प्रसिद्ध हिंदी भजनात रानातील झाडे आणि वाटेवरचे दगड यांनाच लढ्याची हत्यारे बनविण्याची भाषा आहे. ती कोणत्याही अर्थाने रूपकात्मक राहिलेली नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाला. त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यातील तुमसर येथेही गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. २८ ऑगस्टला महाराजांना चांदा येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात त्यांना सुमारे तीन महिने ठेवण्यात आले. भजन म्हणणाऱ्यास शासनाने तुरुंगात टाकावे, हा त्या भजनाच्या परिणामाविषयीचा शासकीय अभिप्रायच म्हणावा लागेल.

‘मराठी गावासाठी, हिंदी देशासाठी’ असे या द्वैभाषिकतेचे स्पष्टीकरण सहज सुचते. ते सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही. चिमूर हे मराठी गाव आहे. त्याला हाक देणारे भजन हिंदीत होते. उलट, ज्या प्रार्थनेत सर्व देशांत आणि सर्व वेषांत एकच ईश्वर पाहिला आहे, ती हिंदी प्रार्थना विदर्भातील शाळांतून मराठी मुलांनी म्हटली. हिंदी ही त्यांच्या श्रोत्यांची दुसरी भाषा असली तरी परकी भाषा नव्हती. गावातल्या माणसाला स्वतःच्या गावाहून मोठ्या कशाशी तरी जोडावयाचे असेल, तेव्हा ते हिंदीकडे वळत असावेत असे वाटते. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेत, आणि १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात सीमेवरील जवानांपुढे, त्यांनी भजने म्हटली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरविले तेही खंजिरी भजन ऐकून, असे सांगितले जाते. तसे असेल तर जी उपाधी आज विद्यापीठाच्या नावात आहे ती ग्रंथाने नव्हे, गाण्याने मिळविलेली आहे.

दुर्लक्षाची कारणे

‘ग्रामगीता’ हे पहिले कारण. एकेचाळीस अध्यायांचा आणि चार हजार सहाशे पंच्याहत्तर ओव्यांचा हा ग्रंथ अभ्यासक्रमाला सर्वार्थाने सोयीचा आहे. त्याला अध्याय आहेत, विषय आहेत, क्रम आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र, ग्रामविकास या कोणत्याही विषयाच्या संशोधकाला त्यातून आपला अध्याय काढता येतो. गेल्या काही दशकांत ‘ग्रामगीता आणि अमुक’ अशा शीर्षकाचे निबंध उदंड झाले, याचे कारण ग्रंथाची थोरवी हे आहेच, पण सोय हेही आहे. भजनसंग्रहाला असा क्रम नसतो. तो कोठूनही उघडावा लागतो, आणि उघडल्यावर हाती लागते ते विधान नसते, टेक असते.

दुसरे कारण विद्याशाखांच्या भिंती. त्यांचा उल्लेख आरंभी आलाच आहे. भिंतीच्या पलीकडे काय आहे हे पाहण्याची मुभा बहुविद्याशाखीय नियतकालिकांना असते, आणि म्हणून हा विषय येथे मांडला आहे.

तिसरे कारण अधिक अवघड आहे, आणि ते टाळून चालणार नाही. ‘लहरकी बरखा’ डोळ्यांनी वाचली तर बऱ्याच ठिकाणी ती फिकी वाटते. एकच विचार अनेक भजनांत फिरून येतो. यमकासाठी शब्द ओढला गेल्याचे दिसते. व्याकरणाच्या कसोटीवर काही लिंग-वचने टिकत नाहीत. हिंदी साहित्याच्या इतिहासकारांनी या रचनांची दखल घेतली नाही, तर केवळ पक्षपात म्हणून त्यांना दोष देता येणार नाही. कबीराच्या उलटबांसीतील चमत्कृती किंवा मीरेच्या पदातील आर्तता येथे शोधू जाणारा वाचक निराश होण्याचा संभव आहे.

पण हा दोष वाचण्याच्या पद्धतीचाही आहे. जी रचना पाच-सातशे माणसांसमोर, रात्रीच्या वेळी, ध्वनिक्षेपकाविना किंवा असलाच तर खरखरणाऱ्या ध्वनिक्षेपकावर म्हणावयाची आहे, तिच्यात पुनरुक्ती हा दोष राहत नाही. ती गरज असते. टेक चौथ्यांदा येते तेव्हा ती श्रोत्याला पाठ झालेली असते, आणि पाचव्यांदा ती तोच म्हणतो. यमक हे स्मरणाचे खुंट आहेत. ज्याला अक्षरओळख नाही त्याला भजन घरी नेण्यासाठी यमकाखेरीज दुसरे वाहन नाही. व्याकरणाविषयी म्हणावयाचे तर, श्रोत्याच्या तोंडी जशी हिंदी होती तशीच ती भजनात आली आहे. ती सुधारून घेतली असती तर पुस्तक शुद्ध झाले असते, गाणे मात्र मुके झाले असते. आपल्या झाडीपट्टीतील दंडार किंवा खडीगंमत यांचे केवळ संवाद छापून त्यांचे मूल्यमापन केले, तर असाच अन्याय होईल. गायनासाठी रचलेल्या वाङ्मयाचे निकष गायनातूनच काढावे लागतात.

महाराजांच्या स्वतःच्या आवाजातील थोडी ध्वनिमुद्रणे आज ऐकावयास मिळतात. ती ऐकल्यावर छापील पानावर सपाट भासणाऱ्या ओळी कोठे उचलल्या जातात, कोठे शब्द अर्धा सोडून खंजिरीने पुरा केला जातो, हे ध्यानात येते. मुद्रितशोधकाला हे चिन्हांकित करता येत नाही.

‘तर्ज’ आणि हरवणारी चाल

भजनावल्या चाळणाऱ्यास एक गोष्ट ओळखीची असते. मराठी भजनाच्या डोक्यावर ‘चाल’ आणि हिंदी भजनाच्या डोक्यावर ‘तर्ज’ असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गीताचे पहिले शब्द दिलेले असतात. नव्या गीताची चाल त्या जुन्या गीतासारखी आहे, एवढाच त्याचा अर्थ. स्वरलेखन न जाणणाऱ्या मंडळींसाठी ही अत्यंत सुटसुटीत व्यवस्था होती. ज्या गाण्याचा हवाला दिला ते सर्वांना ठाऊक असे, त्यामुळे स्वतंत्र नोटेशनची गरजच नव्हती.

अडचण आज उभी राहते. हवाला दिलेले गाणे कधी नाटकातले असते, कधी त्या काळच्या बोलपटातले, कधी एखाद्या कव्वालीचे, कधी कोणत्याही पुस्तकात नसलेल्या लोकगीताचे. ते गाणे विस्मरणात गेले की ‘तर्ज’ ही किल्ली हरवलेल्या कुलपासारखी होते. नाटकाचे आणि बोलपटाचे गाणे प्रयत्नाने सापडू शकते. लोकगीताचे काय? आणि सापडले तरी प्रश्न संपत नाही. महाराज चाल घेत असत, पण खंजिरीच्या लयीत ती बदलत असत. मूळ गाण्याची तबकडी मिळाली म्हणजे भजनाची चाल मिळाली असे नव्हे.

या ठिकाणी अमेरिकेतील एका समकालीनाचे उदाहरण उद्बोधक ठरेल. वुडी गथ्री (१९१२–१९६७) हा स्वतः गीते रचून गिटारवर गाणारा लोकगायक. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची गीते त्याने १९४० मध्ये ‘डस्ट बोल बॅलड्स’ या नावाने ध्वनिमुद्रित केली. वर वर्णन केलेल्या पद्धतीने, तीन-तीन तबकड्यांच्या दोन अल्बमांत ती निघाली. त्या काळी त्यांचा खप बेताचाच होता. पुढील पिढीच्या गायकांनी मात्र त्यांना मूलस्थान मानले. गथ्रीही प्रचलित चालींवर आपले शब्द बसवीत असे. त्याच्या मृत्यूनंतर शेकडो गीतांची बाडे सापडली, पण त्यांच्या चाली त्याच्याबरोबर गेल्या होत्या. अखेरीस त्याच्या कन्येच्या पुढाकाराने इंग्लंडचा बिली ब्रॅग आणि अमेरिकेचा ‘विल्को’ हा वाद्यवृंद यांनी त्यांतील काही शब्दांना नव्या चाली दिल्या आणि १९९८ मध्ये ‘मर्मेड अव्हेन्यू’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. तो उत्तम झाला. तरी त्यात ऐकू येतात ते गथ्रीचे शब्द, गथ्रीचे गाणे नव्हे.

तुकडोजी महाराजांच्या बाबतीत आपण त्या टोकाला अद्याप पोचलेलो नाही, हे सुदैव. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे झाले. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेल्या पिढीतील सर्वांत लहान माणसेही आज साठी ओलांडून गेली आहेत. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भभर आहेत, भंडारा जिल्ह्यातही आहेत, आणि सामुदायिक प्रार्थनेनंतर भजने म्हणण्याची रीत टिकून आहे. परंतु जी भजने नेहमीच्या कार्यक्रमांत येतात तीच पुढच्या पिढीकडे जातात. संग्रहातील उरलेली, विशेषतः हिंदी भजने, एखाद्या वृद्धालाच येत असतात, आणि त्याला ती कोणी म्हणावयास सांगत नाही. शिवाय आता ध्वनिफितींच्या आणि भ्रमणध्वनीच्या काळात नव्या वाद्यवृंदासह गायिलेली आवृत्ती सर्वत्र पोचते आणि गावची जुनी चाल मागे सरते. त्यात कोणाचा दोष नाही, मात्र हानी खरी आहे.

महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम यातून निघते. मराठी, हिंदी आणि संगीत या तीन विभागांनी मिळून एका तालुक्यापुरते जरी ‘लहरकी बरखा’तील भजनांचे ध्वनिमुद्रण केले, तरी आज उपलब्ध नसलेले साधन हाती येईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आपले विद्यार्थी दरवर्षी खेड्यात सात दिवस मुक्कामाला जातातच. तेथील एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवता येईल. मुद्रण करताना पाळावयाची पथ्ये मात्र नीट ठरवून घ्यावी लागतील. प्रथम भजन विनासाथ म्हणवून घ्यावे, नंतर खंजिरीसह. पुस्तक समोर ठेवू नये, कारण पुस्तक पाहून म्हणणारा गायक आपल्या गळ्यातील पाठ दुरुस्त करून टाकतो, आणि आपणास तोच पाठ हवा आहे. छापील ‘तर्ज’ वाचून दाखवून ते मूळ गाणे येते का, असे विचारावे. येत असल्यास तेही मुद्रित करावे. भजन कोणाकडून, कोणत्या गावी, साधारण कोणत्या वर्षी शिकले, याची नोंद घ्यावी. गायकाची संमती लेखी असावी आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्याच्याकडे राहावी.

असे करताना एकच भजन दोन गावांत दोन चालींवर म्हटले जाते असे आढळण्याची पूर्ण शक्यता आहे. साकोलीकडची चाल आणि तुमसरकडची चाल वेगळी निघाली तर मूळ कोणती, हा प्रश्न तेथेच निकालात काढण्याचा मोह होईल. महाराजांनी स्वतःच एक भजन निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या लयीत म्हटले असणे शक्य आहे. तेव्हा दोन्ही चाली गावाच्या, गायकाच्या आणि तारखेच्या नोंदीसह शेजारी शेजारी ठेवाव्यात, आणि दोन्हींवर छापील पानावरील ‘तर्ज’ जशीच्या तशी उतरवून घ्यावी.